बॅकएंड मंच

बॅकएंड मंच म्हणजे मोबाइल अ‍ॅप किंवा संकेतस्थळ यांच्या मागे चालणाऱ्या कामांसाठी तयार सुविधा पुरवणारी संगणकीय सेवा होय. वापरकर्त्याची ओळख पटवणे, माहिती साठवणे, छायाचित्रे जपून ठेवणे, सूचना पाठवणे आणि इतर संस्थांच्या प्रणालींशी देवाणघेवाण करणे ही कामे जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपला करावी लागतात. ती प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्याऐवजी अ‍ॅप तयार करणारे या मंचावरील सुविधा आपल्या अ‍ॅपला जोडून घेतात. फायरबेस, सुपाबेस, अ‍ॅपराइट आणि पार्स सर्व्हर ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. व्यापक अर्थाने आधार आणि यूपीआय या भारतातील सार्वजनिक प्रणालीही अशाच सामायिक सुविधा आहेत, कारण हजारो अ‍ॅप त्यांचा उपयोग ओळख किंवा देयक व्यवहारांसाठी करतात.

खानदेशात या विषयाची दोन ठळक उदाहरणे आढळतात. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावात देण्यात आले. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असले तरी १ जुलै १९९८ पूर्वी तो भाग धुळे जिल्ह्यात होता. दुसरे उदाहरण ई-पीक पाहणी या अ‍ॅपचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या अ‍ॅपवर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतकरी आपला पीकपेरा स्वतः नोंदवतात. अ‍ॅपच्या मागील रचनेत घेतलेल्या निर्णयांचा परिणाम शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

## संज्ञा

अ‍ॅपचा जो भाग वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर असतो त्याला फ्रंटएंड म्हणतात. पडदा, बटणे, यादी, नकाशा हे सर्व त्यात येते. जो भाग दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि माहिती तपासणे, साठवणे व परत देणे ही कामे करतो त्याला बॅकएंड म्हणतात. बाजार समितीच्या उदाहरणाने हा फरक समजून घेता येईल. खिडकीवर पावती देणारा कारकून हा फ्रंटएंड मानला, तर मागच्या खोलीतील नोंदवह्या, शिक्के, तिजोरी आणि त्या हाताळण्याचे नियम हा बॅकएंड ठरतो.

ही मागची खोली भाड्याने मिळण्याची सोय म्हणजे बॅकएंड मंच. केवळ सर्व्हर भाड्याने देणाऱ्या क्लाउड सेवेपेक्षा तो एक पायरी पुढे असतो. क्लाउड सेवेत रिकामे यंत्र मिळते आणि त्यावरील सर्व आज्ञावली स्वतः लिहावी लागते. बॅकएंड मंचावर लॉगिन, डेटाबेस, फाइलसाठा यांसारखी कामे आधीच तयार असतात.

## इतिहास

स्मार्टफोनचा प्रसार झाल्यानंतर २०१०च्या सुमारास लहान चमूंना अ‍ॅप तयार करणे सोपे झाले. परंतु सर्व्हर सांभाळण्याचे कौशल्य व खर्च त्यांच्या आवाक्यात नव्हता. ही गरज ओळखून पार्स आणि फायरबेस या कंपन्या २०११ मध्ये सुरू झाल्या. फेसबुकने एप्रिल २०१३ मध्ये पार्स विकत घेतली, तर ऑक्टोबर २०१४ मध्ये फायरबेस गूगलकडे गेली.

फेसबुकने जानेवारी २०१६ मध्ये पार्स बंद करण्याची घोषणा केली आणि ३० जानेवारी २०१७ रोजी ही सेवा थांबली. तिच्यावर अवलंबून असलेल्या अ‍ॅपना साधारण एका वर्षात दुसरी व्यवस्था शोधावी लागली. मात्र कंपनीने पार्स सर्व्हर या नावाने आज्ञावली मुक्त केल्यामुळे अनेकांना ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता आली. या घटनेनंतर मुक्त स्रोत मंचांकडे ओढा वाढला. अ‍ॅपराइट हा प्रकल्प २०१९ मध्ये आणि पोस्टग्रेस या जुन्या, मुक्त डेटाबेसवर उभारलेला सुपाबेस २०२० मध्ये पुढे आला.

भारतीय वापराच्या दृष्टीने माहिती कोठे साठवली जाते हेही महत्त्वाचे ठरले. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि गूगलचे मुंबई केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. त्यामुळे खानदेशातील फोनवरून गेलेली विनंती अमेरिका किंवा सिंगापूरऐवजी मुंबईतच पूर्ण होऊ शकते आणि प्रतिसादाचा वेळ कमी होतो. काही मंचांवर साठ्याचे ठिकाण एकदा निवडल्यानंतर बदलता येत नाही. म्हणून ही निवड आरंभीच विचारपूर्वक करावी लागते.

## प्रमुख घटक

### ओळख पडताळणी

वापरकर्ता कोण आहे हे ठरवणारा हा घटक आहे. भारतात ईमेल व परवलीच्या शब्दापेक्षा मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा एकवेळचा सांकेतांक, म्हणजे ओटीपी, अधिक रूढ आहे. सांकेतांक जुळला की मंच अ‍ॅपला एक तात्पुरते डिजिटल ओळखपत्र देतो. यालाच टोकन म्हणतात. पुढील प्रत्येक विनंतीसोबत ते पाठवले जाते आणि त्याची मुदत संपली की नवे घ्यावे लागते.

ओटीपीवरून इतकेच सिद्ध होते की तो मोबाइल क्रमांक या क्षणी वापरकर्त्याच्या हातात आहे. ती व्यक्ती अमुक गटाची खातेदार आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी मोबाइल क्रमांक आणि खातेदार यांचा संबंध स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. भारतात व्यावसायिक लघुसंदेश पाठवण्यासाठी दूरसंचार कंपन्यांकडे प्रेषकाची आणि संदेशाच्या नमुन्याची आगाऊ नोंदणी करावी लागते. नमुन्यात नसलेला मजकूर अडवला जाऊ शकतो.

### माहितीसाठा

डेटाबेसचे दोन मुख्य प्रकार प्रचलित आहेत. कोष्टक पद्धतीत माहिती ओळी व स्तंभांत असते आणि कोष्टके एकमेकांशी जोडलेली असतात. सुपाबेस या पद्धतीचा आहे. दस्तऐवज पद्धतीत प्रत्येक नोंद स्वतंत्र कागदासारखी असते आणि तिच्यात हवी तितकी पोटमाहिती ठेवता येते. फायरबेसचा फायरस्टोअर हा साठा या प्रकारचा आहे.

कोणता प्रकार निवडावा हे माहितीच्या स्वरूपावर अवलंबून असते. सातबाऱ्याचे उदाहरण घेतल्यास एका गटात अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असू शकतात. एका गटात एकाच हंगामात कापूस आणि त्यात आंतरपीक म्हणून तूर किंवा मूग असू शकतो. असे अनेकास-अनेक संबंध कोष्टक पद्धतीत नेमके मांडता येतात. याउलट एखाद्या गप्पांच्या अ‍ॅपमधील संदेश दस्तऐवज पद्धतीत सहज बसतात.

क्षेत्रफळ कसे साठवावे हा लहान वाटणारा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत लिहितात. संगणक दशांश अपूर्णांक नेहमी तंतोतंत साठवत नाही, त्यामुळे बेरजेत सूक्ष्म फरक पडून पिकांचे एकूण क्षेत्र गटाच्या क्षेत्रापेक्षा किंचित जास्त दिसू शकते आणि योग्य नोंद नाकारली जाऊ शकते. १ हेक्टर २० आर हे क्षेत्र १२,००० चौरस मीटर असे पूर्णांकात साठवल्यास ही अडचण राहत नाही.

### फाइलसाठा

छायाचित्रे, ध्वनिफिती आणि कागदपत्रे डेटाबेसमध्ये न ठेवता वेगळ्या फाइलसाठ्यात ठेवतात. डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. छायाचित्रासोबत अक्षांश, रेखांश आणि वेळ नोंदवता येते. फाइल पाठवण्यापूर्वी फोनवरच तिचा आकार कमी केल्यास क्षीण नेटवर्कमध्ये ती पोहोचण्याची शक्यता वाढते.

### सर्व्हरवरील कार्ये

काही तपासण्या फोनवर सोपवणे धोक्याचे असते, कारण फोनवरील अ‍ॅपमध्ये फेरफार करता येतो. क्षेत्राची मर्यादा, मुदत, रक्कम यांची तपासणी सर्व्हरवर चालणाऱ्या लहान आज्ञावलींत करतात. एखादी नोंद जमा होताच त्या आपोआप चालू होतात आणि नोंद मान्य करतात, नाकारतात किंवा संबंधिताला सूचना पाठवतात.

### सूचना

पुश सूचना अ‍ॅपच्या वापरकर्त्याच्या पडद्यावर थेट दिसते. तिला इंटरनेट लागते. साध्या फोनवर किंवा डेटा बंद असताना लघुसंदेशच पोहोचतो. म्हणून मुदत संपत असल्यासारख्या महत्त्वाच्या सूचनांसाठी दोन्ही मार्ग वापरणे श्रेयस्कर असते.

## एकत्रीकरण

अ‍ॅपमध्ये बाहेरची सुविधा जोडून घेण्याला एकत्रीकरण म्हणतात. ते एपीआयच्या माध्यमातून होते. एपीआय म्हणजे दोन प्रणालींमधील ठरलेली प्रश्नोत्तरांची पद्धत: कोणती विनंती करता येईल, तिच्यासोबत काय द्यावे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल हे त्यात निश्चित असते.

उत्तर लगेच मिळणार नसेल तर उलट दिशेने कळवण्याची पद्धत वापरतात. तिला वेबहुक म्हणतात. उदाहरणार्थ, यूपीआयने पैसे भरल्यावर देयक सेवा अ‍ॅपच्या बॅकएंडला स्वतःहून निरोप पाठवते. वापरकर्त्याच्या फोनवर पैसे गेल्याचे चित्र दिसले, एवढ्यावर माल रवाना करू नये. बॅकएंडला मिळालेला आणि स्वाक्षरी तपासलेला निरोपच ग्राह्य धरावा, असा संकेत आहे.

नेटवर्क तुटल्यास विनंती सर्व्हरवर पोहोचली, पण उत्तर परत आले नाही, अशी स्थिती उद्भवते. अ‍ॅप तीच विनंती पुन्हा पाठवते आणि नोंद दोनदा होते. हे टाळण्यासाठी फोनवरच प्रत्येक नोंदीला एक अनन्य क्रमांक देतात. त्या क्रमांकाची नोंद आधीच असेल तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत देतो.

## उदाहरण: आधार

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली. टेंभली येथील कार्यक्रमात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक देण्यात आले. आधारची १२ अंकी संख्या सर्वपरिचित आहे. तिच्यामागील पडताळणी सेवा मात्र सामान्यतः दृष्टिआड राहते.

बँक, शिधावाटप दुकान किंवा शासकीय योजना यांचे अ‍ॅप आधार क्रमांकासोबत बोटाचा ठसा, डोळ्यांची बुबुळे, चेहरा किंवा ओटीपी यांपैकी एक गोष्ट प्राधिकरणाकडे पाठवते. साध्या पडताळणीत उत्तर केवळ होय किंवा नाही असे मिळते. व्यक्तीच्या संमतीने केल्या जाणाऱ्या ई-केवायसीमध्ये नाव, पत्ता, छायाचित्र इत्यादी तपशीलही मिळतात. ही विनंती कोणालाही थेट करता येत नाही. त्यासाठी प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते.

या रचनेतून एकत्रीकरणाची एक मूलभूत मर्यादा दिसते. शेतीकाम आणि मजुरीने बोटांचे ठसे झिजलेल्या व्यक्तीला ‘नाही’ असे उत्तर मिळू शकते, आणि मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नसेल तर ओटीपीचा मार्गही बंद होतो. यंत्राचे ‘नाही’ म्हणजे ती व्यक्ती खोटी आहे असे नव्हे. अशा वेळी पर्यायी मार्ग ठेवणे ही एकत्रीकरण करणाऱ्या संस्थेची जबाबदारी असते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजीच्या निकालात आधार कायदा सामान्यतः वैध ठरवला. मात्र खासगी कंपन्यांना आधार पडताळणी वापरू देणारा कलम ५७ मधील भाग रद्द केला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितीत ऐच्छिक वापराची तरतूद करण्यात आली. त्यामुळे एखादी सुविधा तांत्रिकदृष्ट्या जोडता येते म्हणून ती कायद्याने जोडता येतेच असे नाही, हे अ‍ॅप तयार करणाऱ्याने तपासावे लागते.

## उदाहरण: ई-पीक पाहणी

### पार्श्वभूमी

सातबारा उतारा हा गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा संयुक्त उतारा आहे. नमुना ७ मध्ये जमिनीवरील हक्क, तर नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करत असे. अलीकडे या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. एका सजात अनेक गावे असल्यामुळे प्रत्येक गटापर्यंत पोहोचणे कठीण असे आणि प्रत्यक्षातील पीक व उताऱ्यावरील पीक यांत तफावत राही.

महसूल आणि कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार केलेल्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमुळे ही नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. या नोंदीचा उपयोग पीकविमा, पीककर्ज, नैसर्गिक आपत्तीतील भरपाई आणि हमीभावाने खरेदी यांसाठी होतो.

### कामकाज

वापरकर्त्याला दिसणाऱ्या पायऱ्यांमधून वर वर्णन केलेले सर्व घटक ओळखता येतात. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील शेतकरी प्रथम नाशिक महसूल विभाग, नंतर जिल्हा, तालुका आणि गाव निवडतो. पुढे नाव किंवा गट क्रमांकावरून खातेदार शोधून मोबाइल क्रमांक नोंदवतो आणि चार अंकी सांकेतांकाने प्रवेश करतो. येथे ओळख पडताळणीची सुविधा भूमी अभिलेखांच्या माहितीशी जोडलेली आहे.

त्यानंतर हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन व पद्धत आणि लागवडीचा दिनांक भरला जातो. गटाच्या एकूण क्षेत्रातून पोटखराबा वगळून उरलेल्या क्षेत्रातच पीक नोंदवता येते. शेवटी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेतले जाते आणि त्यासोबत अक्षांश-रेखांश साठवले जातात.

२०२२ च्या खरीप हंगामापासून आलेल्या सुधारित आवृत्तीत छायाचित्र घेतल्याचे ठिकाण गटाच्या मध्यबिंदूशी ताडून पाहण्याची आणि शेतकरी गटापासून दूर असल्यास तसा संदेश दाखवण्याची सोय झाली. शेतकऱ्याला ४८ तासांच्या आत आपली नोंद दुरुस्त करता येऊ लागली. शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरून १० टक्के नोंदींची तलाठ्याने पडताळणी करण्याची पद्धतही ठरली. संगणकीय भाषेत सांगायचे तर नोंदीच्या अवस्था निश्चित झाल्या: जमा, दुरुस्तीस खुली, पक्की आणि पडताळलेली. प्रत्येक अवस्थेत कोणाला काय करता येईल हे बॅकएंड ठरवतो.

### खानदेशातील पिके आणि नोंदीची रचना

कापूस हे जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील खरिपाचे प्रमुख पीक आहे. पाण्याची सोय असलेले शेतकरी ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी कापूस लावतात. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत केळीचे क्षेत्र मोठे आहे. केळीची लागवड मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत होते आणि बाग सुमारे वर्षभर शेतात उभी असते. त्यामुळे एक पीक एकाच हंगामात संपते असे गृहीत धरून केलेली माहितीची रचना येथे अपुरी पडते. लागवडीचा दिनांक आणि पीक उभे असल्याचा काळ स्वतंत्रपणे साठवला, तर तीच बाग पुढच्या हंगामात नवी लागवड म्हणून मोजली जाण्याचा धोका कमी होतो.

### नोंदीचे परिणाम

खरीप २०२३ मधील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य जाहीर केले. ०.२ हेक्टरपर्यंतच्या क्षेत्रासाठी सरसकट १,००० रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्रासाठी हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, असे त्याचे स्वरूप होते. प्रारंभी ई-पीक पाहणीतील नोंद हा त्याचा आधार होता. शेतात कापूस असूनही अ‍ॅपवर नोंद नसलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न पुढे आल्यावर ही अट शिथिल करून सातबाऱ्यावरील नोंदही ग्राह्य धरण्यात आली. डेटाबेसमधील एका रिकाम्या ओळीचे आर्थिक मूल्य या प्रसंगातून स्पष्ट झाले.

## नेटवर्क नसलेल्या भागातील वापर

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील अनेक शिवारांत मोबाइलचे नेटवर्क क्षीण असते. अशा ठिकाणी अ‍ॅपने माहिती प्रथम फोनवर साठवावी आणि नेटवर्क मिळाल्यावर सर्व्हरकडे पाठवावी, ही पद्धत उपयोगी ठरते. ई-पीक पाहणीतही शेतात भरलेली माहिती नंतर अपलोड करण्याची सोय ठेवलेली होती. फायरस्टोअरसारख्या मंचांवर ही सुविधा तयार मिळते: नोंद फोनवरील रांगेत थांबते आणि जोडणी होताच आपोआप पुढे जाते.

या सोयीमुळे तीन प्रश्न निर्माण होतात आणि त्यांची उत्तरे मंच देत नाही.

* नोंद झाली असे केव्हा म्हणावे? फोनवर साठवलेली आणि सर्व्हरवर पोहोचलेली नोंद यांत वापरकर्त्याला फरक दिसला पाहिजे. दोन्ही वेळा ‘माहिती जतन झाली’ असाच संदेश आला, तर नोंद पोहोचली नसतानाही शेतकरी निश्चिंत राहतो.
* मुदत कोणत्या वेळेने मोजावी? शेवटच्या दिवशी शेतात भरलेली माहिती दुसऱ्या दिवशी अपलोड झाली तर ती मुदतीत धरावी की नाही, हा धोरणाचा निर्णय आहे. फोनचे घड्याळ मागे करता येत असल्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही. दोन्ही वेळा साठवून ठेवल्यास वादाच्या प्रसंगी निर्णय घेणे सोपे जाते.
* दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध असतील तर काय करावे? एकाच गटाची माहिती दोन भावांनी आपापल्या फोनवरून वेगवेगळी भरली, तर अनेक मंच शेवटी आलेली नोंद ठेवतात. पहिली नोंद त्यामुळे नकळत पुसली जाऊ शकते. म्हणून जुनी नोंद न पुसता नवी नोंद तिच्यापुढे जोडणे अधिक सुरक्षित असते.

हंगामी भार हाही विचारात घ्यावा लागतो. पीक नोंदणीसारख्या कामात वर्षातील बराच काळ वर्दळ कमी असते आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ती एकदम वाढते. राज्यात अनेक हंगामांत नोंदणीला मुदतवाढ देण्यात आली आहे. गरजेनुसार क्षमता वाढवणारे मंच हा भार पेलू शकतात. परंतु त्यांच्याशी जोडलेली एखादी जुनी प्रणाली संथ असेल तर संपूर्ण साखळी तिच्याच गतीने चालते.

## प्रवेशाचे नियम

बॅकएंड मंचावर फोनवरील अ‍ॅप थेट डेटाबेसशी बोलते. त्यामुळे कोणी काय वाचावे आणि कोणी काय लिहावे याचे नियम डेटाबेसवरच लावावे लागतात. फायरबेसमध्ये त्यांना सुरक्षा नियम म्हणतात. सुपाबेसमध्ये प्रत्येक ओळीवर लागू होणारी धोरणे लिहितात.

उदाहरणादाखल, रावेर आणि बऱ्हाणपूर येथील केळीचे दैनिक भाव दाखवणारे एखादे विद्यार्थी-प्रकल्पाचे अ‍ॅप घेता येईल. त्यात तीन कोष्टके पुरेशी आहेत: बाजार, दैनिक भाव आणि वापरकर्ते. त्यांचे नियम पुढीलप्रमाणे असू शकतात.

* भाव कोणालाही, लॉगिन न करताही, वाचता यावेत.
* भाव लिहिण्याचा अधिकार त्या बाजारासाठी नेमलेल्या व्यक्तीलाच असावा.
* आदल्या दिवसाचा भाव कोणालाही बदलता येऊ नये. दुरुस्ती हवी असल्यास स्वतंत्र नोंद करावी.
* वापरकर्त्याचा मोबाइल क्रमांक त्याच्याखेरीज कोणालाही दिसू नये.

यांतील दुसरा नियम नसेल तर कोणीही खोटा भाव टाकू शकतो आणि सकाळी माल कापण्याचा निर्णय त्यावर घेणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान होते. शिकताना सोपे जावे म्हणून अनेक मंच सर्वांना सर्व काही खुले असलेली चाचणी अवस्था देतात. फायरबेसमध्ये तिची मुदत ३० दिवस असते. अ‍ॅप प्रत्यक्ष वापरात आल्यावरही नियम तसेच खुले राहणे हे माहिती उघड होण्याचे वारंवार आढळणारे कारण आहे. अ‍ॅपमधील बटण लपवल्याने माहिती सुरक्षित होत नाही, कारण विनंती अ‍ॅपबाहेरूनही पाठवता येते.

## मराठी मजकुराची साठवण

देवनागरी मजकूर साठवताना काही विशेष बाबी लक्षात घ्याव्या लागतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘जळगाव’ या शब्दात काना धरून ५ चिन्हे असल्यामुळे तो १५ बाइट व्यापतो. स्तंभाची मर्यादा बाइटमध्ये ठेवल्यास लांब नावे मध्येच तुटू शकतात. लघुसंदेशातही फरक पडतो: रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत ७० चिन्हे. त्यामुळे मराठी संदेशाचा खर्च वाढतो.

शोधाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुक्ताईनगर तालुक्यातील कुऱ्हा या गावाच्या नावातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकित करता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न असतात. एका रूपाने साठवलेले गाव दुसऱ्या रूपाने शोधल्यास सापडत नाही. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी मजकूर एकाच रूपात आणणे हा त्यावरील उपाय आहे.

अकारविल्हे यादीतही अडचण येते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, तर युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. केवळ चिन्हांच्या क्रमांकानुसार लावलेली यादी मराठी वाचकाला चुकीची वाटते. म्हणून डेटाबेसला मराठीचा क्रम स्पष्टपणे सांगावा लागतो.

## खर्च आणि अवलंबित्व

बहुतेक मंच ठरावीक मर्यादेपर्यंत विनामूल्य असतात. पुढील आकारणी वाचन, लेखन, साठा आणि देवाणघेवाण यांच्या प्रमाणात होते. एक पडदा उघडताना शंभर नोंदी वाचल्या जात असतील, तर वापरकर्ते वाढताच खर्चही त्याच पटीत वाढतो. केळी भावाच्या अ‍ॅपमध्ये संपूर्ण वर्षाचे भाव मागवण्याऐवजी त्या दिवसाचे भाव मागवणे हा सोपा बचतीचा मार्ग आहे.

अवलंबित्व हा दुसरा मुद्दा आहे. पार्सच्या बंद होण्यातून मिळालेला धडा असा की, माहिती सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येते का, मंच स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो का, आणि अ‍ॅपमधील किती भाग त्या मंचाच्या खास आज्ञांवर उभा आहे, हे आरंभीच पाहावे. मंचाशी बोलणारा भाग अ‍ॅपमध्ये एकाच ठिकाणी वेगळा ठेवल्यास पुढे मंच बदलणे सोपे जाते.

## कायदेशीर बाजू

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. माहिती कोणत्या हेतूने आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्या संस्थेवर हा कायदा जबाबदारी टाकतो. तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या मंचाचा वापर केल्याने ती जबाबदारी संपत नाही. स्पष्ट संमती, आवश्यक तेवढीच माहिती घेणे, हेतू पूर्ण झाल्यावर ती पुसणे आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती या त्यातील महत्त्वाच्या अपेक्षा आहेत. गंभीर उल्लंघनास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

## हेही पहा

* क्लाउड संगणन
* आधार
* यूपीआय
* सातबारा उतारा
* युनिकोड
* खानदेश